दिवसाढवळ्या मिळालेली अर्धी रात्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची एक मुलगी एम.एस्सी.नंतर प्रोजेक्ट करते आहे. तिच्या गाइडच्या गटाला डिसेंबरमध्ये हवाईतल्या मौना केआ डोंगरावरच्या आयआरटीएफ या अवरक्त दुर्बिणीवर, स्पेक्स या अवरक्त स्पेक्ट्रोग्राफवर (प्रकाश तरंगलांबीनुसार सुटा करणाऱ्या उपकरणावर), पहिली अर्धी रात्र मिळाली आहे. बघायचे आहेत वृषभ राशीतले तरुण तारे, के बँडमध्ये, म्हणजे २.२ मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशात, नवव्या ते अकराव्या प्रतीचे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). गाइड त्या दिवशी प्रवासात असणार, म्हणून सॉफ्टवेअर हिने इंदिरानगरच्या घरातून चालवायचं. ती लिहिते, "मॅन्युअल दोनदा वाचलं. कुठलं बटण काय करतं ते कळलं, कधी दाबायचं ते नाही कळलं. एका ताऱ्याला किती सेकंद द्यायचे? आणि काही बिघडलं तर मला ते कळेल कसं?"

शेवटचा प्रश्न लाखातला आहे, म्हणून उत्तर लांबणार. तुला अगं-तुगं करते आहे, माझ्या वयाकडे बघून चालवून घे. अठरा वर्षं मी अशा उपकरणांच्या पडद्यासमोर रात्री जागवल्या. सुरुवात २५६ बाय २५६ पिक्सेलच्या डिटेक्टरवर झाली होती. आता गंगापूर रोडला राहते आणि रात्री झोपते.

आधी घड्याळ. हवाई आपल्या साडेपंधरा तास मागे. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा नाशकात सकाळचे साडेनऊ झालेले असतात, आणि तिथली मध्यरात्र म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. त्यामुळे तुझी अर्धी रात्र नाश्त्यानंतर सुरू होऊन उशिराच्या जेवणापर्यंत संपते. हवाईची रात्र यूटीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत, पहाटे चार ते दुपारी चार अशी पडते, म्हणून फाइलींवरची यूटी तारीख आणि तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख एकच असेल. फक्त ऑपरेटर बोलताना आदला दिवस म्हणेल, तेवढं लक्षात ठेव. आणखी एक गंमत. मौना केआ १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि नाशिक जवळजवळ बरोबर २० वर. कृत्तिका-रोहिणी तुझ्या गच्चीवरून जितक्या उंच चढतात, तितक्याच तिथून. फरक डोंगराचा आहे. दुर्बीण सुमारे ४,२०० मीटरवर आहे, म्हणजे अवरक्त प्रकाश गिळणारी बहुतेक वाफ तिच्या खाली राहते. आपल्याकडे लडाखमधली हानलेची वेधशाळा ४,५०० मीटरवर नेली ती काही हौसेने नव्हे.

आता पडदा. व्हीएनसीतून, म्हणजे दूरचा संगणक घरून चालवायच्या सोयीतून, तुला तिथल्याच संगणकाचा डेस्कटॉप दिसतो. त्यावर तीन खिडक्या महत्त्वाच्या. बिगडॉग म्हणजे स्पेक्ट्रोग्राफ, गाइडडॉग म्हणजे स्लिट (ताऱ्याचा प्रकाश आत घेणारी बारीक फट) आणि तिच्या भोवतालचं आकाश दाखवणारा कॅमेरा, आणि डीव्ही म्हणजे आलेली फ्रेम उघडून बघायचं साधन. सॉफ्टवेअर तिथे डोंगरावर चालतं, तुझ्या लॅपटॉपवर नाही, हे मनात पक्कं बसव. घरची लाइट गेली, नेट गेलं, तरी चालू असलेलं एक्स्पोजर चालूच राहतं आणि फाइल तिथेच साठते. माझ्याकडे एकदा भर निरीक्षणात लाइट गेली, इन्व्हर्टरनेही दगा दिला. मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परत शिरले तेव्हा दोन फ्रेम माझ्याशिवाय व्यवस्थित घेऊन झाल्या होत्या. म्हणून घाबरून परत परत गो दाबू नकोस. आत शिरल्यावर आधी शेवटच्या फाइलचा नंबर बघ. एक धोका मात्र आहे. तोच डेस्कटॉप एकाच वेळी दोघातिघांना उघडता येतो. गाइड विमानतळावरून सहज डोकावले आणि त्यांचा माउस हलला, तर तुझ्या हातातलं काम विस्कटतं. कोण चालवणार हे आदल्या दिवशीच ठरवून टाक.

आता मुद्द्याचं. गो दाबण्याआधी वहीत एक आकडा लिहायचा : या फ्रेममध्ये मला किती काउंट (पिक्सेलने टिपलेल्या प्रकाशाचं माप) दिसायला हवेत. फ्रेम आली की तो आकडा पडताळायचा. जुळला तर पुढे, नाही जुळला तर थांबायचं. तू विचारलंस "बिघडलं तर कळेल कसं?" त्याला माझ्याकडे हा एकच उपाय आहे. सॉफ्टवेअर बिघाड सांगत नाही. ढगाची फ्रेमही ते तितक्याच इमानाने साठवतं, वर घंटाही वाजवतं की झालं म्हणून.

आकडा काढायचा कसा? समजा मानक तारा (तुलनेसाठी घेतलेला माहितीतला तारा) के बँडमध्ये ७ प्रतीचा आहे आणि १० सेकंदांत त्याच्या पट्ट्याचा माथा २,००० काउंटचा आला. तुझा तारा ९.५ प्रतीचा. अडीच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर दहापट मंद. म्हणून १० सेकंदांत २००, आणि ६० सेकंदांत १,२००. वहीत १,२०० लिहायचं आणि मग गो. जे बँडचा (के पेक्षा कमी तरंगलांबीचा) आकडा वेगळा काढ, कारण तुझे तारे धुळीत गुरफटलेले आहेत. धूळ जे बँडला के बँडपेक्षा जास्त खाते, त्यामुळे तिकडचा पट्टा बापुडवाणा दिसला तर दचकू नकोस.

१,२०० ऐवजी ३०० आले तर? सगळ्यात आधी गाइडडॉगकडे बघ. त्या चित्रात स्लिट काळ्या फटीसारखी दिसते. तारा नीट मध्ये बसला असेल तर त्याचा बराच प्रकाश फटीत पडून नाहीसा होतो आणि दोन्ही कडांना सारखीच सांड दिसते, दाराच्या फटीतून उजेड यावा तशी. एका बाजूला जास्त सांडत असेल तर तारा सरकला आहे. पूर्ण गोल तारा फटीशेजारी दिमाखात दिसत असेल तर तो आत गेलेलाच नाही, तू इतका वेळ रिकाम्या आकाशाचा स्पेक्ट्रम काढत होतीस. सांड दोन्हीकडे सारखी पण फुगीर असेल तर सीइंग, म्हणजे हवेची स्थिरता, बिघडलं किंवा फोकस हलला. तारा एकूणच मंद, मधूनच उजळतो, पुन्हा विझतो, तर पातळ ढग. ऑपरेटरला विचार, त्याच्याकडे आकाशाचा कॅमेरा असतो. यातलं काहीच नसेल तर बिगडॉगमध्ये स्लिट कोणती लागली आहे ते वाच. मानक ताऱ्याला ०.८ आर्कसेकंदाची (आकाशातल्या कोनाचं माप, वेळेचं नव्हे) आणि लक्ष्याला ०.३ ची, असं चुकून झालं तर दोन्हींचा मेळ पुढे कधीच बसत नाही. आणि हे सगळं ठीक निघालं तर मग तारा खरोखरच मंद झालेला असू शकतो. तरुण तारे लहरी असतात, त्यांची तेजस्विता बदलते. असं झालं तर ती अडचण नव्हे, तो तुझ्या प्रबंधातला परिच्छेद आहे.

पहिल्या जोडीत काय दिसतं ते सांगते, कारण मॅन्युअलमधलं चित्र फार स्वच्छ असतं. स्पेक्सच्या एसएक्सडी नावाच्या मोडमध्ये ०.७ ते २.५५ मायक्रॉन एकाच फ्रेममध्ये येतं, सात तुकड्यांत, एकाखाली एक वाकलेले पट्टे. कच्च्या फ्रेममध्ये तारा शोधायला जाशील तर आधी दिसतील पट्ट्यांना आडव्या छेदणाऱ्या चमकदार रेघा. त्या वातावरणातल्या ओएच (हायड्रॉक्सिल) रेणूंच्या. एच बँडमध्ये (जे आणि के यांच्या मधल्या) त्यांचा नुसता बाजार भरलेला असतो. तारा म्हणजे पट्ट्याच्या लांबीने धावणारी एक बारीक शेवई. एसएक्सडीत स्लिट १५ आर्कसेकंद लांब आहे. ए स्थानी तारा तिच्या एका टोकाकडे, बी स्थानी साडेसात आर्कसेकंद सरकून दुसऱ्या टोकाकडे. डीव्हीत ए मधून बी वजा कर. ओएचच्या रेघा जवळजवळ पुसल्या जातात आणि प्रत्येक पट्ट्यात एक पांढरी व एक काळी शेवई उरते. दोन्ही सारख्याच जाड, सारख्याच ठळक हव्यात. काळी फिकी असेल तर बी स्थानी तारा नीट बसत नाही. दोन्ही नाहीतच, सपाट करडं पान, तर दुर्बीण हललीच नाही आणि तू ए मधून ए वजा करते आहेस. वजाबाकीनंतरही रेघा ठसठशीत उरल्या तर दोन फ्रेममध्ये आकाश बदललं, एक्स्पोजर कमी कर.

म्हणूनच एकेक एक्स्पोजर फार लांबवायचं नाही. ओएचची चमक मिनिटांच्या हिशेबात बदलते. माझी स्वतःची मर्यादा १२० सेकंदांची. त्याहून जास्त वेळ हवा तर एबीबीएची (ए, बी, बी, ए या क्रमाने चार फ्रेम) आवर्तनं वाढवायची. एबीएबी न करता एबीबीए का, तर दुर्बीण निम्म्या वेळाच हलते आणि आकाशातला सरळ रेषेतला बदलही कटून जातो. तुझ्या साडेनवाच्या ताऱ्याला ६० सेकंदांनी सुरू कर, एबीबीए दोनदा. अकराव्याला १२० सेकंद आणि तीन-चारदा. पहिल्या जोडीनंतर आकडा बघून बदलायला मोकळी आहेसच.

को-ॲड आणि एनडीआर या दोन रकान्यांत नवी मंडळी हमखास अडखळतात. को-ॲड म्हणजे तेच एक्स्पोजर इतक्या वेळा घेऊन बेरीज. तेजस्वी ताऱ्याला ६० सेकंद दिले तर डिटेक्टर ओसंडतो, म्हणून ५ सेकंदांचे १२ को-ॲड. पण पडद्यावरचा आकडा बेरजेचा असू शकतो, एका वाचनाचा नाही. स्पेक्सच्या फाइलमध्ये डिव्हायझर नावाची ओळ असते ती यासाठीच, त्या आकड्याने भागल्यावर खरं कळतं. मी एकीला ४०,००० बघून घाबरून वेळ निम्मी करताना पाहिलं आहे, दहा को-ॲडची बेरीज होती ती, एकेका फ्रेममध्ये जेमतेम ४,००० होते. उलटं झालं तर जास्त वाईट. १६ बिटचा मापक ६५,५३५ पर्यंत मोजतो म्हणून तिथपर्यंत भरत नेऊ नये. डिटेक्टरचा प्रतिसाद त्याच्या बराच आधी वाकायला लागतो आणि चित्रात ते दिसत नाही.

एनडीआर म्हणजे न पुसता वाचणं. विहिरीतलं पाणी न उपसता दोर सोडून खोली मोजावी तसं. सीसीडीत (दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्यातल्या चिपमध्ये) एकदा वाचलं की साठा गेला. या डिटेक्टरमध्ये साठा तसाच ठेवून पुन्हा पुन्हा वाचता येतं, आणि १६ वाचनांची सरासरी काढली की वाचनाचा नॉइज साधारण पावपट होतो. हे कामाचं आहे अंधूक ताऱ्याला. मानक ताऱ्याला एनडीआर वाढवू नकोस, कारण वाचता वाचताही विहीर भरतच असते. हानलेच्या दोन मीटरच्या दुर्बिणीवरच्या टिर्स्पेक या अवरक्त उपकरणात हेच पायरीपायरीने होतं, वाचनांचा चढ साठवायचा आणि नंतर त्याचा उतार काढून चित्र बनवायचं. उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर टॅन्स्पेक हे अवरक्त उपकरण आहे. पुढेमागे तिकडे बसशील तेव्हा खिडक्यांची नावं बदलतील, वहीतला आकडा तोच राहील.

दोन बारीक खोडी. बराच वेळ डिटेक्टर नुसता पडून असला, किंवा एक्स्पोजरची वेळ बदलली, की पहिली फ्रेम जरा विचित्र येते. ती फेकायची, तिच्यावर आकडा पडताळायचा नाही. दुसरं म्हणजे भूत. फार तेजस्वी तारा किंवा दिव्याची झगझगीत फ्रेम घेतली की त्या पिक्सेलमध्ये तिची छाया काही काळ रेंगाळते, हळूहळू विरते. विरत असल्यामुळे ए वजा बी मध्ये ती पूर्ण कटतही नाही. अकराव्या प्रतीच्या ताऱ्यात एक जादा शेवई दिसून कुणी जोडतारा सापडल्याच्या आनंदात असेल, तर आधी विचारावं, याच्या आधी काय घेतलं होतं?

मानक ताऱ्याबद्दल जरा सविस्तर, कारण तुझ्या विषयात गडबड इथेच होते. पृथ्वीच्या वातावरणाने स्पेक्ट्रमला पाडलेली भोकं भरायला ए झिरो व्ही वर्गाचा तारा घेतात, लक्ष्याच्या जवळ, तासाभराच्या आत, आणि वायुमान म्हणजे एअरमासमध्ये (प्रकाश किती हवेतून येतो त्याच्या मापात) ०.१ पेक्षा जास्त फरक नको. हा वर्ग निवडतात कारण त्याच्या स्पेक्ट्रममध्ये हायड्रोजन सोडलं तर फारसं काही नसतं. पण तू मोजणार आहेस हायड्रोजनच : २.१६६ मायक्रॉनवरची ब्रॅकेट गॅमा आणि १.२८२ वरची पाशेन बीटा. मानक ताऱ्यात याच रेषा खोल खड्ड्यासारख्या असतात. त्याने सरळ भागलंस तर तुझ्या ताऱ्यात तिथे उंचवटा उगवेल आणि तो ताऱ्यावर वायू कोसळण्याचा पुरावा वाटेल. वाक्का, कुशिंग आणि रेनर यांची २००३ ची पद्धत अभिजित ताऱ्याचं प्रारूप वापरून हे खड्डे आधी बुजवते. ती चालायला मानक ताऱ्याचे काउंट भरपूर आणि स्वच्छ लागतात. म्हणून मानक ताऱ्यावर कंजुषी नको. लक्ष्यापेक्षा त्याचा सिग्नल निदान दुप्पट चांगला हवा, नाहीतर सगळा नॉइज त्याच्याकडून उसना घेशील.

फ्लॅट (सारख्या उजेडाच्या, पिक्सेलमधला फरक काढायला) आणि आर्गॉन दिव्याच्या (तरंगलांबी ठरवायला) फ्रेम दिवसा एकदाच घेऊन टाकू, असा मोह होतो. स्पेक्स दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बसलेला आहे, दुर्बीण कलते तसा तोही कलतो आणि आतलं सगळं किंचित वाकतं. त्यामुळे त्या भागातलं काम संपल्यावर, दुर्बीण हलवण्याआधी तिथेच घ्यायच्या. त्यासाठी तयार मॅक्रो, म्हणजे आज्ञांची यादी, आहे. चालू केला की काही मिनिटं हात मोकळे, पाणी पिऊन ये. मॅक्रो संपल्यावर आरसे आणि दिवे पुन्हा निरीक्षणाच्या जागी आले का ते डोळ्यांनी वाच.

स्लिटचा कोन पॅरॅलॅक्टिक ठेवावा, म्हणजे फट क्षितिजाला काटकोनात, हे पुस्तकात आहेच. पण वृषभातले तारे तिथून डोक्यावरून जातात. मध्यमंडल ओलांडताना हा कोन तासाभराच्या आत प्रचंड फिरतो आणि नवशिके त्याच्यामागे रोटेटर फिरवत बसतात. वायुमान १.१ च्या खाली असेल तर वक्रीभवन इतकं थोडं असतं की मी तिकडे लक्षच देत नाही. तारा कलल्यावर मात्र दर ताऱ्याला कोन लावते.

आता एक लाज वाटणारी गोष्ट. एका डोंगरावर, वेधशाळेचं नाव नको, मी पहाटे ओळीने चार तारे घेतले. सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्याच्या नावाचा रकाना असतो, तो आपण हाताने भरायचा. मी पहिल्यालाच भरला. चारही ताऱ्यांच्या हेडरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत) एकच नाव गेलं. महिन्याने डेटा उघडला तेव्हा एकाच ताऱ्याचे चार वेगवेगळे स्पेक्ट्रम समोर. वाचवलं दोन गोष्टींनी. हेडरमधले विषुवांश आणि क्रांती दुर्बिणीकडून येतात, ते खरं बोलत होते. आणि कागदी वही. फाइल क्रमांक कुठून कुठपर्यंत, तारा, वेळ, स्लिट, सेकंद, को-ॲड, वायुमान, अपेक्षित आकडा, आलेला आकडा, आणि शेवटी "पातळ ढग", "काळी शेवई फिकी" असं जे दिसेल ते. एक्सेलमध्ये लिहिलंस तरी हरकत नाही, पण खिडकी बदलायचा आळस येतो आणि रकाने रिकामे राहतात. आयआरटीएफच्या फाइलच्या नावात ए की बी ते येतं, म्हणून तेवढं लिहिलं नाही तरी चालेल.

ऑपरेटर दुर्बीण चालवतो, तू उपकरण. तो तुझी वाट बघत बसलेला असतो. शेवटची फ्रेम सुरू झाली की तेव्हाच सांग, "ही शेवटची, पुढचा तारा यादीतला पाचवा." कॅलिब्रेशन (फ्लॅट आणि आर्गॉन) घ्यायचं असेल तर तेही सांग, नाहीतर तो भला माणूस लगेच दुर्बीण हलवेल. इंग्रजी अडखळलं तरी काही बिघडत नाही. तारा ओळखला नाही तर "मला खात्री नाही" म्हण आणि शोधचित्र पुन्हा लाव. मोकळेपणाने असं म्हणणारा निरीक्षक ऑपरेटरला आवडतो.

एक फ्रेम साधारण १७ एमबीची होते, २०४८ बाय २०४८ पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट. दोनशे फ्रेम धरल्या तर साडेतीन जीबीच्या आत काम. साडेतीनला पुढच्या निरीक्षकाकडे सूत्रं देशील तेव्हा लगेच उतरवायला लाव, आणि उतरलेल्या फाइलींची संख्या वहीतल्या शेवटच्या क्रमांकाशी जुळते का बघ. माझी एकदा तीन फाइलींनी कमी भरली होती, त्या गाइड कॅमेऱ्याच्या फोल्डरशेजारी दुसऱ्याच नावाने पडल्या होत्या. तुझ्या यादीतले तारे आणि त्यांच्या के प्रती पाठव, पहिल्या पाच ताऱ्यांचे आकडे आपण आधीच मिळून काढून ठेवू.